टेबलं उचला, तालीम येतेय

जुनी इमारत न पाडणाऱ्या मालकाचे आभार मानायला मी तयार आहे, अगदी मनापासून. मुंबईत चौरस फुटाचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. अशा शहरात शंभर वर्षांची भिंत उभी ठेवणं सोपं नाही. लोअर परळ, लालबाग, महालक्ष्मी या पट्ट्यात गिरण्यांच्या शेड एकामागोमाग आडव्या झाल्या, चिमण्या उतरवल्या गेल्या, काचेचे मनोरे उभे राहिले. त्यातून जे थोडं वाचलं, तिथे आता चित्रांची दालनं आहेत, छोटी थिएटरं आहेत, कॉफी आहे, आणि लॅपटॉप उघडून बसायला भाड्याने मिळणारी टेबलं आहेत. को-वर्किंग म्हणतात त्याला. कल्पना चांगली आहे. माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे, की ही टेबलं संध्याकाळी सातच्या सुमाराला रिकामी होतात आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहतात.

त्याच वेळी, त्याच वॉर्डात, वीस-बावीस वर्षांची पोरं एकांकिकेच्या तालमीला जागा शोधत वणवण फिरत असतात.

ज्यांनी कधी स्पर्धेत नाटक केलं नाही, त्यांना हे कळणार नाही, म्हणून सांगतो. शाळेचा हॉल मिळाला तर शिपाई साडेआठला कुलूप घेऊन दारात उभा. मंडळाच्या ऑफिसात कॅरम चालू. बागेत उभं राहिलं की वॉचमन येतो, गच्चीवर गेलं की सोसायटीची नोटीस येते. परळच्या एका चाळीत जिन्याखाली दोन मुली तालीम करताना मी पाहिल्या. प्रवेश कडाक्याच्या भांडणाचा होता, आणि दोघी तो कुजबुजत करत होत्या. वरच्या मजल्यावर कुणीतरी आजारी होतं, आवाज चढवायचा नव्हता. एक जण ओठ घट्ट करून शिव्या देत होती, दुसरी हातवारे आखडून उत्तर देत होती. स्पर्धेच्या रंगमंचावर त्यांना पहिल्यांदा खरा आवाज लावायला मिळणार होता. तिथून पायी दहा मिनिटांवर एका जुन्या गिरणीच्या आवारात तीस फूट उंचीचा हॉल दिवे मालवून बंद होता.

हा हॉल कसा असतो ते जरा बघा, म्हणजे किती मोठी गोष्ट आपण वाया घालवतोय ते लक्षात येईल. साचेखात्याचं, म्हणजे जिथे माग चालत त्या खात्याचं, छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, आणि त्या काचेचं तोंड उत्तरेला. उत्तरेकडून उजेड येतो पण उन्हाची तिरीप सहसा आत येत नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रकाश जवळपास सारखा राहतो, सावल्या पसरत नाहीत. विणकराला तुटलेला धागा चटकन दिसावा, म्हणून केलेली ही सोय. चित्रकाराला नेमका हाच उजेड लागतो. बिडाचे खांब दूर दूर रोवलेले, कारण मधे साच्यांच्या रांगा बसवायच्या होत्या. त्यामुळे मधली जागा मोकळी. नाचायला, नाटकाला, कीर्तनाला, गोधडीएवढं चित्र जमिनीवर पसरून रंगवायला आणखी काय हवं? काही ठिकाणी फरशीवर अजून बोल्टांची भोकं दिसतात, सिमेंटने बुजवलेली, चार-चारच्या चौकटीत. साच्याचे पाय तिथे होते. त्याच्याभोवतीचा तेलाचा डाग कितीही घासला तरी जात नाही.

इथे जाता जाता एक सांगून टाकतो. जुन्या भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून विटा उघड्या पाडायची जी टूम निघाली आहे, ती बंद करा. चुन्याचा गिलावा ओल आत-बाहेर जाऊ देतो आणि विटेला पावसापासून सांभाळतो. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात उघडी वीट पाणी पिते, मग तिला पापुद्रे सुटतात. आणि डागडुजीला सिमेंट थापलं की ओल आतच अडकते. फोटोत सुंदर दिसण्यासाठी भिंतीचं आयुष्य कमी करू नका.

असो. चांगली उदाहरणंही आहेत. महालक्ष्मीला शक्ती मिल्सच्या गल्लीत, लक्ष्मी मिल्सच्या आवारात ‘जीफाइव्हए’ आहे. गाळ्याचा नंबर तेच संस्थेचं नाव. आत ब्लॅक बॉक्स थिएटर आहे आणि तिथे नाटक, नृत्य, संगीत, सिनेमा असं सगळं होतं. बॅलार्ड इस्टेटला जुन्या बर्फाच्या कारखान्यात ‘आयएफबीई’ उभं राहिलं, तिथला वड न तोडता. अशा ठिकाणी काम करणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. पैसा दुसऱ्या धंद्यात जास्त मिळाला असता, तरी त्यांनी कलेला जागा दिली. माझा रोख त्यांच्यावर नाही. रोख आहे तो ‘कला’ हा शब्द पाटीवर लिहून आत फक्त टेबलं आणि बिअर विकणाऱ्यांवर, आणि त्यांना परवाना देताना एकही प्रश्न न विचारणाऱ्या महापालिकेवर.

दिवसा एक काम आणि रात्री दुसरं, एकाच छपराखाली. ही युक्ती आपल्याला कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको होती. दादरला छबिलदास शाळा आहे. दिवसा तिथे मुलांचे वर्ग भरत. 1974 पासून पुढची दीड दशकं आणि वर, तिच्या हॉलमध्ये संध्याकाळी ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं उभी केली. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ती जागा राबती ठेवली. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांची नाटकं तिथे झाली. बाहेरचे नाटकवाले तिथे आले, नवे लेखक तिथे तयार झाले. धड विंगा नव्हत्या. पंखे गरगरत, खाली गल्लीत बटाट्यावड्याची कढई उकळत असे. मराठी रंगभूमीचा नकाशा बदलणारी जागा एका शाळेने भाड्याने दिलेला एक हॉल होती. इंटिरियर डिझायनर लागला नाही, गुंतवणूकदार लागला नाही. लागली ती किल्ली, आणि परवडेल एवढं भाडं.

आणि गिरणगावाला कला शिकवायला निघालेल्यांनी हे आधी वाचून यावं, की इथे कला गिरणीबरोबरच नांदत होती. परळचं दामोदर नाट्यगृह कुणाचं? नारायण मल्हार जोशी यांनी 1911 साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचं. कामगारांसाठी काम करणाऱ्या संस्थेला नाट्यगृह हवंसं वाटलं, कारण कामगारांना नाटक हवं होतं. लालबागला हनुमान थिएटरात तमाशे उभे राहत. कोकणातून आलेले चाकरमानी नमन, दशावतार, भजन घेऊन आले आणि चाळीच्या चौकात मांडून बसले. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबले, आणि 1944 साली अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. नारायण सुर्वे यांना ज्यांनी वाढवलं ते गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होते. पुढे 1953 साली कामगार कल्याण मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या नाट्यस्पर्धांतून साचेखात्यातली, सूतकताईच्या त्रासनातली माणसं तोंडाला रंग लावून उभी राहिली. पहिली पाळी संपली की तालीम, दुसरी पाळी असेल तर सकाळी तालीम, रातपाळी करून आलेला डोळे चोळत प्रॉम्प्टिंगला बसलेला. ‘मल्टी-आर्ट्स’ म्हणून आज जे विकलं जातंय, ते या वस्तीत तेव्हा रोजचं होतं.

ते मोडलं कसं, हेही दोन ओळींत सांगायला हवं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी गिरणीचं दार पुन्हा पूर्वीसारखं उघडलंच नाही. मग जमिनीचा खेळ सुरू झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले होते: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती झाली. बांधकामाखालची जमीन हिशेबातून वगळली, वाटणीला राहिली फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीन. म्हणजे शहराचा आणि कामगाराचा वाटा आक्रसला. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला होता, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला 2012 उजाडलं. अर्ज दीड लाखाच्या घरात, आणि आता उरलेल्यांना शेलू-वांगणीची घरं दाखवली जातात. ज्या माणसाने आयुष्य लालबागेत काढलं, त्याने म्हातारपणी कर्जतच्या वाटेला लागायचं.

या पट्ट्यातल्या कुठल्याही शेडमध्ये कोणी ‘कला केंद्र’ काढतो, तेव्हा तो या हिशेबावर उभा असतो. त्याला कदाचित ठाऊकही नसेल. म्हणूनच सांगायला हवं.

भिंतीवर जुन्या कांड्या टांगलेल्या असतात, काचेच्या पेटीत धोटा ठेवलेला असतो, छान दिवा सोडलेला असतो वरून. खाली एक अक्षर नाही. हा धोटा कोणत्या खात्यातला, तो मिनिटाला किती वेळा इकडून तिकडे जायचा, त्याच्या आवाजाने किती जणांचे कान गेले, काही नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या सुमारे शंभर माणसांचं बोलणं नोंदवून त्याचं पुस्तक केलं आहे. बायका वायंडिंग खात्याबद्दल बोलल्या आहेत, खानावळवाल्या बोलल्या आहेत, शाहीर बोलले आहेत. एवढा खजिना तयार असताना मुकी कांडी टांगण्यात कसला मान? त्या वस्तूशेजारी माणसाचं म्हणणं लावा. आणि ते मराठीत लावा. शेजारच्या चाळीतली आजी आत आली तर तिला वाचता आलं पाहिजे. तिच्याच खात्याची गोष्ट आहे ती.

पण ती आत येते का? खरा प्रश्न इथे आहे. एका टेबलाचं महिन्याचं भाडं बघा आणि समोरच्या चाळीतल्या पागडीच्या खोलीचं भाडं बघा. बहुतेक ठिकाणी खोलीचं अख्ख्या वर्षाचं भाडं टेबलाच्या एका महिन्यात मावेल. टेबलाचं भाडं कमी करा, असं मी म्हणत नाही. ते पैसे भरणारे भरतात, त्यावरच छप्पर दुरुस्त होतं. बाजार चालू द्या. मी मागतोय ते बाजार संपल्यानंतरचे तास.

आणि परदेशी दाखलाच हवा असेल, तर पॅरिस शहराने हे करून दाखवलं आहे. उत्तरेकडच्या गरीब, स्थलांतरितांच्या वस्तीत, 104, रु द’ओबेरविलिये या पत्त्यावर 1870 च्या दशकात बांधलेली एक प्रचंड इमारत आहे. शहराचा अंत्यसंस्कार विभाग तिथे होता. शवपेट्या तिथे बनत, शववाहिन्यांचे घोडे तिथे बांधलेले असत. 1990 च्या दशकाच्या अखेरीला ते काम थांबलं. नगरपालिकेने सुमारे 10 कोटी युरो खर्चून 2008 साली तिथे कला केंद्र उघडलं, नाव पत्त्यावरूनच: ‘सांकात्र’, म्हणजे एकशे चार. सुरुवातीला निमंत्रित कलाकार आपापल्या स्टुडिओत, आणि वस्ती बाहेर. एवढा पैसा ओतूनही माणसं फिरकेनात. टीका झाली, 2010 साली संचालक बदलला. जोझे-मानुएल गोन्साल्व्हेस आले आणि त्यांनी मधला लांबच लांब हॉल वस्तीतल्या पोरांना सरावासाठी फुकट मोकळा सोडला. आज तिथे एका कोपऱ्यात हिपहॉपवाले डोक्यावर गिरक्या घेत असतात, शेजारी कुणी चेंडू झेलण्याचा सर्कशीतला खेळ घोटवत असतो, पलीकडे दोन जण नाटकाचे संवाद पाठ करत येरझारा घालतात. त्याच इमारतीत नव्या कंपन्यांना आधार देणारा विभागही आहे, आणि वस्तीतल्या हौशी लोकांसाठी वेगळी जागाही. पोरं आली म्हणून कंपन्या पळाल्या नाहीत. पोरं आली म्हणून त्या इमारतीचं नाव झालं.

आता इथले आक्षेप मला पाठ आहेत. सामान चोरीला जाईल. लॅपटॉप कुलुपात ठेवायला कपाटं असतात, आणि नाटकाच्या पोरांना तुमचं टेबल नको आहे, टेबल सरकवल्यानंतरची फरशी हवी आहे. विजेचं बिल कोण भरणार? एसी लावू नका. साचेखात्यात एसीवाचून माणसांनी तीस-तीस वर्षं काढली. चार ट्यूबलाइट आणि दोन पंखे पुरतात, त्याचे आणि वॉचमनचे पैसे तासाच्या हिशेबाने मंडळाकडून घ्या. गोंगाट होईल. बाजूच्या आवारात रात्री दीडपर्यंत डीजे वाजतो तेव्हा हा आक्षेप कुठे असतो? आम्ही आधीच कार्यक्रम करतो. करता, पण तिकीट लावून आणि बहुतेक इंग्रजीतून. ते चालू राहू द्या. मी प्रयोगाबद्दल बोलत नाही, तालमीबद्दल बोलतोय. कला तालमीत घडते, आणि तालमीला कोणी प्रायोजक मिळत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र मी मान तुकवतो, तो म्हणजे आगीचा. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात, गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 माणसं गेली. काही जण स्वच्छतागृहात अडकून गुदमरले. जुन्या आवाराला नवा वापर चिकटवताना बाहेर पडायच्या वाटा मोजल्या नाहीत, तर काय होतं ते आपण पाहिलं आहे. गिरण्यांच्या जुन्या मालकांना आगीचं भय होतं, कारण आत कापूस होता. म्हणून जिन्याच्या मनोऱ्यांवर पाण्याच्या टाक्या असत, आवारात तलाव असत. टाक्या काढल्या, तलाव बुजवले, आणि वर बांबू-प्लास्टिकचं छप्पर घातलं, हे आपल्या काळाने केलं. तेव्हा पोरांना आत घ्यायच्या आधी दोन दारं बाहेर उघडणारी असली पाहिजेत, वाटेत टेबलं रचलेली नसली पाहिजेत, आणि हे अग्निशमन दलाने कागदावर नव्हे, आत चालत जाऊन तपासलं पाहिजे. यात सवलत नको. टेबलावर बसणाऱ्यांचाही जीव तेवढाच मोलाचा आहे.

मग करायचं काय? मालकाच्या चांगुलपणावर सोडलं तर हे होणार नाही. चांगुलपणा भाडेकरू बदलला की संपतो. महापालिकेच्या हातात साधनं आहेत. 1995 साली मुंबईने वारसा इमारतींचे नियम केले, देशात सगळ्यांत आधी. यादीतल्या इमारतीच्या मालकाला हवं तेवढं बांधता येत नाही, त्याची भरपाई म्हणून टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हस्तांतरणीय हक्क, मिळतो, तो दुसरीकडे विकता येतो. म्हणजे भिंत राखण्याचा मोबदला शहर मोजतं. मोबदला मोजणाऱ्याला अट घालायचा हक्क असतो. यादीत नसलेल्या शेडलाही वापर बदलण्याची परवानगी, अग्निशमनाचा दाखला, खाण्यापिण्याचा परवाना लागतोच. अट तिथे घाला. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी, साडेसात ते साडेदहा, हॉल याच वॉर्डातल्या नाट्यमंडळांना, भजनी मंडळांना, नाचाच्या ग्रुपना, शाळा-महाविद्यालयांना खर्चापुरत्या दरात. नोंदणी वॉर्ड ऑफिसात, दर दारावर लावलेला, मराठीत. वशिला नको, आमदाराची चिठ्ठी नको, ज्याचा अर्ज आधी त्याला तारीख आधी.

दामोदर नाट्यगृहाचा पडदा 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी खाली आला. नाट्यकर्मींनी विरोध केला, आवाज मंत्रालयापर्यंत गेला. तो आवाज योग्यच होता. पण मोठं नाट्यगृह वाचवण्यासाठी जेवढे लोक उभे राहिले, त्यातल्या चौथाई लोकांनी तालमीच्या जागेसाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज दिले, तर महिन्याभरात चार हॉल उघडतील असं मला मनापासून वाटतं. नाट्यगृहात जे यायचं आहे, ते आधी कुठेतरी आवाज चढवून भांडलेलं असावं लागतं.

जी दक्षिण आणि एफ दक्षिण वॉर्डांत असे परवाने सतत नूतनीकरणाला येत असतात. साहेबांनी पुढच्या फाइलपासूनच ही अट लिहायला घ्यावी. स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या तोंडावर आल्या आहेत आणि पोरांना प्रवेश बसवायला तीन आठवडे तरी लागतात.